हातमोजे कुणी घालायचे?

मी शेती खात्यातला माणूस. दापोलीहून बी. एस्सी. ॲग्री. झालो आणि गेली तीस-बत्तीस वर्षे गावोगाव हिंडून बियाणे, खते, औषधे यांबद्दल सांगत आलो. निवृत्तीला आता थोडकेच दिवस उरले आहेत. अशा माणसाने मासे पकडण्याच्या खेळण्याविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. पण या खेळण्याने मला जो धडा शिकवला, तो माझ्याच खात्याच्या कामाचा आहे. म्हणून तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमचे घर जयगडच्या खाडीपासून फार दूर नाही. थोरले बंधू घरची आंबा-काजूची बाग पाहतात. मी नोकरीच्या गावी राहतो आणि शनिवार-रविवारी घरी येतो. बंधूंचा नातू नऊ वर्षांचा आहे. गरवण्याचे वेड आमच्या घरात पिढीजात. लहानपणी आम्ही बांबूच्या काठीला दोरी बांधून, गळाला कोलंबी लावून तासन् तास खाडीच्या कडेला बसत असू. आताच्या पोरांकडे चाकाची काठी आहे, आणि कोलंबीच्या जागी खोटा मासा. रंगवलेला, पोटाखाली तीन काट्यांचा गळ असलेला हा मासा पाण्यातून ओढला की जखमी मासोळीसारखा वळवळतो आणि जिताडा किंवा तांबोशी त्याच्यावर झडप घालते.

गेल्या गणपतीच्या सुट्टीत नातवाचे असे दोन विकतचे मासे एकाच दिवशी तिवरांच्या मुळांत अडकून गेले. रडवेला होऊन घरी आला. बंधू म्हणाले, "पैसे काय झाडाला लागतात?" ते खरेही होते. मी त्याला म्हटले, "चल, आपण घरी करू."

हे काही नवे नाही. फिनलंड देशात लौरी रापाला नावाचा एक गरीब मासेमार होता. तळ्यातले मोठे मासे लंगडत पोहणाऱ्या लहान माशावर धावतात, हे त्याने पाहिले होते. १९३६ साली त्याने चांभारी सुरीने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. पुढे त्याच्या नावाचे मासे जगभर खपले. लक्षात घ्या, त्या काळीही त्याला शेवटच्या लेपासाठीच डोके चालवावे लागले होते. लाकूड कोरणे सोपे, रंगही देता येतो. पाण्यात टिकवणे कठीण.

आमच्या कुंपणाचा पांगारा तोडलेला होता. त्याचे लाकूड हलके आणि सुरीला मऊ. त्यातून चार इंचांचा मासा कोरला. पोटाला करवतीने चीर पाडून त्यात गंज न धरणारी तार नाकापासून शेपटीपर्यंत आरपार बसवली, कारण मोठ्या माशाने हिसका दिला तर नुसते स्क्रू लाकडातून उपटतात. पोटात शिशाची गोळी घातली, म्हणजे मासा पाण्यात सरळ राहतो. तोंडाखाली प्लॅस्टिकच्या पत्र्याची जीभ लावली. ओढताना पाणी तिच्यावर आपटते आणि मासा खाली बुडी मारून डोलू लागतो. बादलीत तरंगवून पाहिला, घासला आणि रंगवला. कांद्याच्या पिशवीची जाळी अंगावर ताणून वरून फवारा मारला, तर हुबेहूब खवले उमटले! नातू नाचायला लागला.

त्यावर घरातले वार्निश दिले आणि खाडीवर गेलो. दोन रविवारांत मासा निकामी झाला. लोंबणारे गळ प्रत्येक फेकीला अंगावर घासतात. तिथे रंग खरवडला जातो, चरा पडला की पाणी आत शिरते, लाकूड फुगते आणि उरलेला रंग पोपडे धरून निघतो.

दुसऱ्या माशाला दोन डब्यांचे इपॉक्सी दिले. ते चांगले, पण वाळायला रात्र जाते आणि तोवर मासा सारखा फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर लेप ओघळून पोटाशी गोळा होतो. अशा वेळी आमची सूनबाई, म्हणजे नातवाची आई, पुढे आली. ती गावात लहानसे पार्लर चालवते. नखांवर जेल लावून ते दिव्याखाली घट्ट करण्याचे काम तिने शिकून घेतले आहे. ती म्हणाली, "काका, माझ्याकडे दिवा आहे. दिव्याने घट्ट होणारं रेझिन आणा, पाच मिनिटांत काम होईल."

हे रेझिन मधासारखे पातळ आणि पारदर्शक असते. अंधाऱ्या बाटलीत ते कितीही दिवस पातळच राहते. त्यात एक द्रव्य असे असते की अतिनील किरण पडले की ते जागे होते आणि सुट्या कणांना एकमेकांचे हात धरायला लावते. मग सगळ्यांची मिळून एकच साखळी होते आणि पातळ रसाची काच बनते. दातांच्या डॉक्टरांनी निळा दिवा दाखवून तुमची दाढ भरली असेल, तर तेही याच जातीचे काम. पार्लरच्या दिव्याचे किरण साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचे असतात. कडक उन्हातही ते घट्ट होते, पण भाद्रपदात आमच्याकडे ऊन कुठले?

चुका करत शिकलो, त्या सांगतो. लाकूड आधी पातळ लेपाने बंद केले नाही, तर लाकडातली हवा वर येऊन बुडबुडे होतात. लेप जाड दिला तर वरचा भाग घट्ट होतो आणि आतला कच्चा राहतो. शिवाय घट्ट होताना तो चांगलाच तापतो. म्हणून पातळ हात द्यायचा, दिवा दाखवायचा, मग दुसरा हात. रेझिनमध्येच रंग मिसळला तर किरण खोल जात नाहीत, म्हणून रंग खाली आणि लेप वर. दिव्याखालून काढल्यावरही अंग चिकट लागते, कारण हवेतला प्राणवायू वरचा पापुद्रा घट्ट होऊ देत नाही. तो फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसला की खाली आरसा! एकदा बाटली खिडकीत विसरलो, तर सकाळी आत अर्धा दगड झाला होता.

तिसरा मासा असा झळकला की शेजारचे आबा म्हणाले, "साहेब, रिटायर झाल्यावर खेळण्यांचं दुकान काढणार वाटतं!" मी फुगलो.

आता खरी गोष्ट. पहिल्याच दिवशी सूनबाईने माझ्यापुढे निळ्या हातमोज्यांचे खोके ठेवले होते. "काका, हे घालूनच करा. कच्चं रेझिन कातडीला लागू द्यायचं नाही, आम्हाला शिकवताना हेच पहिलं सांगितलं."

मी हसलो. म्हटले, "अगं, तीस वर्षं मी औषधं हाताळली. या थेंबभर रसाने मला काय होणार?"

हातमोज्यांत घाम येतो, बारीक काम जमत नाही, ब्रश निसटतो. तशी माझी कारणे तयारच होती. महिना दीड महिना मी उघड्या हातांनीच काम केले. बोटाला लागले की पॅन्टला पुसायचे. काही झाले नाही. एक मासा, दुसरा, पाचवा, सातवा. काहीच झाले नाही. दर वेळी काही न होण्याने माझा विश्वास वाढत गेला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी ब्रश धुवायला उठलो. परत येतो तो नातू माझ्या खुर्चीवर बसलेला. ओला मासा त्याच्या मुठीत आणि दोन्ही हात रेझिनने माखलेले. मी ओरडलो, "अरे, हातमोजे कुठे?"

तो दचकून म्हणाला, "तुम्ही कुठे घालता, आजोबा?"

सूनबाई दारात उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. पोराला उचलून मोरीवर नेले आणि साबण लावून त्याचे हात धुतले. स्पिरिटने पुसू नको, असेही तिने मला बजावले. स्पिरिटाने कच्चे रेझिन उलट कातडीत मुरते. ती बोलली असती तर बरे झाले असते.

नातवाला सुदैवाने काही झाले नाही. झाले ते मला. दोन दिवसांनी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे खाजू लागली. बारीक फोड आले, मग कातडी फाटली. पापण्या सुजल्या, कारण हात डोळ्यांना लागला होता. कागदावर सही करताना बोटातून रक्त येई. कातडीच्या डॉक्टरांनी सारे विचारून घेतले आणि म्हणाले, "ही ॲलर्जी आहे. पहिल्या दिवशी होत नाही. शरीर आधी ओळख करून घेतं, मग एक दिवस उलटतं. आणि एकदा उलटलं की सहसा जन्मभर. यापुढे थेंबही लागता कामा नये. दात भरायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांनाही हे सांगा."

त्या रात्री झोप आली नाही. मला २०१७ साल आठवत होते. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक माणसे दगावली. तेव्हा आम्हीही आमच्या भागात वाडीवाडीवर बैठका घेतल्या. मी स्वतः हातमोजे, तोंडावरची फडकी, चष्मे घेऊन फिरलो. लोक ऐकून घेत आणि म्हणत, "साहेब, इतकी वर्षं मारतोय, काय झालं नाही." बाहेर पडल्यावर मी सहकाऱ्यांना म्हणे, "लोकांना कळतच नाही."

आता माझ्या लक्षात आले की माझे उत्तर त्यांच्यापेक्षा वेगळे नव्हते. औषध आणि रेझिन एक नव्हे, त्यांचा अपाय निराळा. पण माणूस तोच. त्याला माहिती कमी नसते. आजवर काही झाले नाही, याला तो पुरावा समजतो. पदवीने यात काही फरक पडत नाही, हे मी माझ्या बोटांवर पाहिले.

तेव्हापासून घरात नियम झाले. लेपाचे काम सूनबाई करते, मी कोरतो. नातवाने रंगवायचे, लेप पक्का होईपर्यंत माशाला हात लावायचा नाही. हातमोजे नायट्रिलचे, आणि त्यांवर रेझिन लागले की लगेच बदलायचे, कारण पातळ मोज्यातून ते काही मिनिटांत आत उतरते. दिव्याकडे टक लावून बघायचे नाही. खिडकी उघडी ठेवायची. गळ लेप झाल्यावरच जोडायचे. माखलेली फडकी आणि मोजे उन्हात कडक झाल्याशिवाय टाकायचे नाहीत. कच्चे रेझिन विहिरीत किंवा खाडीत जाऊ द्यायचे नाही. ज्या पाण्यातून मासा हवा, त्यातच ते ओतायचे कसे?

पौषात आंब्याला मोहोर आला आणि तुडतुड्यांसाठी फवारणी निघाली. बंधू नेहमीप्रमाणे उघड्या हातांनी औषध कालवायला बसले. माझ्या सांगण्याला त्यांनी तीस वर्षांत कधी दाद दिली नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो. तेवढ्यात नातू घरातून फवारणीचे जाड, लांब हातमोजे घेऊन आला. खात्यातून आणलेला तो जोड पाच वर्षे माळ्यावर पडून होता. त्याने ते आजोबांच्या पुढ्यात टाकले आणि म्हणाला, "धाकट्या आजोबांची बोटं बघा आधी."

बंधूंनी माझ्या हाताकडे पाहिले. मी लपवला नाही. ते काही बोलले नाहीत. मोजे उचलले आणि चढवले. गड्यासाठी दुसरा जोड मी त्याच दिवशी तालुक्याहून आणला.

आता बैठकीला जातो तेव्हा तक्ते नंतर काढतो. आधी उजवा हात पुढे करतो.