टाकण्याआधी राखावे

वाचकहो, धंतोलीतील रुग्णालयांतून आणलेले अहवाल, एमआरआयच्या प्रतिमा आणि नातवंडांच्या चित्रफिती यांनी आपला लॅपटॉप भरत आला असेल, तर घाईने काही पुसू नका. आईच्या आजारपणात मी एक क्रम पाळला. तिचे अहवाल आणि तिच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे प्रथम बाह्य हार्ड डिस्कवर उतरवली, उघडून पाहिली. मग विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि तेथून ‘स्टोरेज’ उघडून तात्पुरत्या फायली काढल्या. त्या यादीत ‘डाउनलोड्स’वर खूण नाही, याची खात्री केली, अहवाल बहुधा तेथेच उतरलेले असतात. शेवटी ‘रिसायकल बिन’ रिकामा केला. तोवर पुसलेल्या फायली जागा अडवूनच बसतात. डॉक्टर नवी प्रतिमा जुन्या प्रतिमेशी ताडून पाहतात. आईच्या बाबतीत तेच घडले, आणि जुनी प्रतिमा हाताशी होती.