एका यंत्रांत दोन बिऱ्हाडें

ता. १४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांच्या ध्यानांत राहिला असेल. त्या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'विंडोज १०' या संगणक-प्रणालीची विनामूल्य डागडुजी थांबविली. यंत्रें कांहीं बंद पडलीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीं पूर्वीप्रमाणेंच सुरू झालीं. परंतु ज्या घराचें कुंपण यापुढें दुरुस्त करावयाचें नाहीं असें मालकानेंच ठरविलें, त्या घरांत राहणाऱ्यास निर्धास्त झोंप कशी यावी? इच्छुकांस कंपनीनें एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव मुदत देऊं केली हें खरें. तथापि मुदत ती मुदत.

आमच्या जळगांवच्या घरीं असलेला संगणक २०१६ सालीं घेतलेला आहे. 'विंडोज ११' ही पुढची प्रणाली २०२१ च्या ऑक्टोबरांत निघाली. परंतु तिला टीपीएम २.० नामक सुरक्षेची सोय यंत्रांत असावी लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो सामान्यतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा असावा लागतो. आमचा पडला सहाव्या पिढीचा. यंत्र धडधाकट, चाकरींत कसूर नाहीं, आणि तरी त्याच्या कपाळीं 'अपात्र' असा शेरा आला. अशीं यंत्रें आमच्या पालकवर्गाच्या घरीं पुष्कळ असतील; २०२० च्या टाळेबंदींत मुलांच्या अभ्यासासाठीं कित्येकांनीं वापरलेले जुने संगणकच विकत घेतले होते. कापसाचा भाव आणि मुलांची फी यांचा मेळ घालणाऱ्या घरांत नवा संगणक ही सहज होणारी गोष्ट नव्हे.

आमच्या घरच्या गरजा दोन प्रकारच्या होत्या. आमची पत्नी धुळ्यास असलेल्या आपल्या भावाच्या दुकानाचे हिशेब 'टॅली'वर ठेविते, आणि टॅली ही विंडोजसाठींच बनविलेली. कन्या नववींत आहे. तिला पायथन शिकावयाचें होतें, आणि शिकतां शिकतां इंटरनेटवर दहा ठिकाणीं डोकावावयाचें होतें. विंडोज काढून टाकावें तर दुकानाचा हिशेब अडतो. तेंच एकटें ठेवावें तर मुलगी डागडुजी थांबलेल्या यंत्रावरून साऱ्या जगाशीं व्यवहार करणार. तेव्हां आम्हीं असें ठरविलें कीं, विंडोजला आतां माजघरांत बसवावें. त्यानें हिशेब पाहावे, बाहेर जाऊं नये. ओसरीवर मात्र नवें बिऱ्हाड आणावें, आलागेला त्यानें पाहावा. हें नवें बिऱ्हाड म्हणजे लिनक्स.

येथें आमच्या बालवाचकांसाठीं दोन शब्द. यंत्र निराळें आणि त्याला चालविणारी प्रणाली निराळी. आमच्या इकडे २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून असंख्य लोक संगणक शिकले, त्या शिक्षणाचे उपकार आम्ही मानतों. परंतु त्यांपैकीं बहुतेकांची समजूत संगणक म्हणजेच विंडोज अशी होऊन बसली. वस्तुतः १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स नामक एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें ज्या प्रणालीचा गाभा लिहून लोकांस खुला केला, ती लिनक्स आज मोठमोठ्या संगणकांपासून खिशांतल्या अँड्रॉइड फोनपर्यंत सर्वत्र चालते. ती विनामूल्य मिळते. तिचा मूळ लेख कोणासही वाचतां व सुधारतां येतो. केरळांतील सरकारी शाळांतून मुलें अनेक वर्षें तिच्यावरच शिकत आहेत. तिचे अवतार पुष्कळ आहेत. जुन्या यंत्रास मानवेल म्हणून आम्हीं त्यांतील 'लिनक्स मिंट' निवडली.

कन्या उत्साहानें पेनड्राइव्ह घेऊन बसली. परंतु कामास हात घालण्यापूर्वीं तिनेंच विचारिलें, "बाबा, आजोबांचा आवाज कुठें आहे?"

तो त्याच डिस्कवर होता. आमचे वडील धुळ्याकडील एका खेड्यांतले. मराठी शाळेंत त्यांनीं आयुष्य काढलें, पण मनांतलें बोलणें अहिराणींतलें. २०१७ सालच्या मे महिन्यांत, अंगणांत बाजेवर बसून त्यांनीं आपल्या लहानपणच्या गोष्टी नातीला सांगितल्या, त्या आम्हीं फोनवर उतरवून घेतल्या होत्या, सत्तावीस मिनिटें. पुढें दोन वर्षांनीं ते गेले. तो फोनही गेला. राहिली ती डिस्कवरची एकुलती एक प्रत.

ज्या कामांत डिस्कची वांटणी करावयाची असते त्यांत एका चुकीच्या खुणेनें सारी डिस्क कोरी होऊं शकते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थानें असेंच काम एका दुरुस्तीवाल्याकडे सोपविलें होतें. त्या भल्या माणसानें घरांतल्यांस कांहीं न विचारतां 'डिस्क पुसून टाका' या ओळीवर खूण केली, आणि गृहस्थाच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचीं सारीं छायाचित्रें दहा मिनिटांत नाहींशीं झालीं. यंत्र मात्र झकास चालूं लागलें! तेव्हां आम्ही एक बाहेरची डिस्क विकत आणून सर्व कागदपत्र, हिशेब व छायाचित्रें तिच्यांत उतरवून घेतलीं. उतरविलीं एवढ्यावर न थांबतां एकेक उघडून पाहिलीं. कारण न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. वडिलांच्या आवाजाची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर घालून धुळ्यास बहिणीकडे पाठविली. तिनें ती रात्रीं लाविली, आणि फोनवर बराच वेळ कांहीं बोललीच नाहीं.

आतां वांटणीविषयीं. आमच्या खानदेशास वांटणी नवी नाहीं. १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशाचें मुख्य ठाणें जळगांव आणि पश्चिमेचें धुळें. पुढें १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळें निघालें. प्रत्येक वेळीं गांवें जागच्या जागींच राहिलीं. कागदावर रेषा ओढली गेली इतकेंच. डिस्कवरही आरंभीं एक लहानसा तक्ता असतो, आणि कोणता भाग कोठून कोठवर हें त्यांत नोंदलेलें असतें. फरक एवढाच कीं, येथें रेषेच्या पलीकडे गेलेलें गांव पुसलें जाण्याचा संभव असतो. म्हणून विंडोजच्या भागाचा संकोच विंडोजच्याच साधनानें करावा हें बरें. आपलें सामान कोठें पसरलें आहे हें त्याला ठाऊक असतें. आम्हीं ५०० जीबींपैकीं १२० जीबी जागा अशा रीतीनें मोकळी करून घेतली. डिस्कवर 'बिटलॉकर'चें कुलूप असल्यास त्याची किल्ली, म्हणजे ती लांबलचक संख्या, आधीं कागदावर लिहून ठेवणें अत्यवश्य आहे. आमच्या यंत्रावर तें नव्हतें.

पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलें कीं डिस्कला हात न लावतां लिनक्स चालवून पाहतां येतें, ही सोय आम्हांस फार आवडली. ध्वनि येतो कीं नाहीं, वायफाय चालतें कीं नाहीं, छपाईचें यंत्र ओळखलें जातें कीं नाहीं, हें सारें आधीं तपासावें. स्थळ पाहिल्यावांचून सोयरीक करूं नये. दोन दिवस असें पाहून मग एका शनिवारीं दुपारीं, विजेच्या लहरीपणावर इन्व्हर्टरचा उतारा ठेवून, आम्ही कामास बसलों. 'विंडोजच्या शेजारीं बसवा' आणि 'डिस्क पुसून टाका' या दोन ओळी पडद्यावर एकीखालीं एक येतात. कन्येनें पहिलीवर खूण केली, मग मोठ्यानें वाचली, मग आम्हांस वाचावयास लाविली, आणि नंतरच पुढें गेली. अर्ध्या तासांत काम झालें.

मुंबईकडून येणारा रूळ चाळीसगांवीं पोंचला कीं एक वाट सरळ पांचोऱ्यावरून जळगांवास येते, दुसरा फांटा धुळ्यास जातो. तेथें सांधा कोणीकडे वळविला आहे त्यावर सारें अवलंबून. दोन प्रणाल्यांच्या यंत्रांत हें सांधेवाल्याचें काम 'ग्रब' नांवाची एक लहानशी आज्ञावली करिते. यंत्र सुरू होतांच ती पडद्यावर दोन नांवें दाखविते, कांहीं सेकंद वाट पाहते, आणि कोणी कांहीं न बोलल्यास पहिल्या नांवाकडे गाडी सोडते. विंडोज आधीं आणि लिनक्स मागून, हा क्रम पाळण्याचें कारणही हेंच: मागून आलेलें विंडोज आपलाच सांधेवाला पुढें बसवितें व शेजाऱ्याचें नांव घेत नाहीं. इतकेंच नव्हे, तर ऑगस्ट २०२४ मध्यें आलेल्या विंडोजच्या एका सुधारणेनें अशा अनेक दुहेरी यंत्रांवर लिनक्स सुरूच होईना, अशी अवस्था केली होती. म्हणून ज्या पेनड्राइव्हनें बिऱ्हाड आणिलें तो टाकून न देतां कपाटांत जपून ठेवावा.

दुसऱ्या दिवशीं विंडोज उघडून आमची पत्नी म्हणाली, "अहो, दुपारचे बारा वाजले, आणि हा साडेसहा दाखवतोय!" बरोबर साडेपांच तासांचा फरक. यंत्राच्या पोटांत एक लहानसें घड्याळ असतें, तें वीज गेली तरी चालतें. विंडोज त्यांतील वेळ स्थानिक म्हणून वाचतें. लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून तींत भारताचे साडेपांच तास मिळवितें. लिनक्सनें घड्याळ आपल्या पद्धतीनें लाविलें, विंडोजनें तें आपल्या पद्धतीनें वाचलें. दोघेही खरे, आणि वेळ मात्र चूक! आम्हांस याचें मोठेंसें नवल वाटलें नाहीं. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहरानें आपली जुनी, एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. एकाच शहरांत दोन वेळा पन्नास वर्षें नांदल्या. आमच्या घरीं तंटा पांच मिनिटांत मिटला. लिनक्सला एक आज्ञा देऊन 'तूंही घड्याळ स्थानिक समज' असें सांगितलें, आणि त्यानें तें ऐकिलें.

दुसरा एक प्रश्न शेजारधर्माचा. लिनक्सला विंडोजच्या भागांतील कागद वाचतां येतात व लिहितांही येतात. विंडोजला लिनक्सचा भाग आपण होऊन वाचतां येत नाहीं, तें त्यास परकी जागा समजतें. खानदेशी माणसाला पुण्याची मराठी कळते, पण पुणेकरापुढें अहिराणी बोलावी तर तो गोंधळतो, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून दोघांसही लागणारे कागद विंडोजच्या भागांतच ठेवावे. त्यांतही एक अडचण आहे. विंडोज 'बंद' केलें तरी पुष्कळदां तें पुरतें बंद होत नाहीं; पुढच्या वेळीं लवकर उठतां यावें म्हणून तें अर्धवट जागें राहून झोंपल्याचें सोंग घेतें. त्या स्थितींत त्याच्या भागांत लिनक्सनें लिहूं जाणें धोक्याचें, आणि म्हणून लिनक्स तेथें केवळ वाचतें, लिहीत नाहीं. 'फास्ट स्टार्टअप' नांवाची ती संवय आम्हीं मोडून टाकली.

अशा रीतीनें व्यवस्था लागली. पत्नी संध्याकाळीं विंडोजमध्यें हिशेब लिहिते. त्या वेळीं इंटरनेटची तार काढलेली असते. जीएसटीचें विवरण तयार झालें कीं ती यंत्र पुन्हां सुरू करून लिनक्समधून तें रवाना करिते. प्रथम तिला या येरझाऱ्यांचा कंटाळा आला, आणि आमच्या मतें तो रास्त होता. एकाच वेळीं दोन्ही प्रणाल्या उघड्या ठेवितां येत नाहींत, हा या पद्धतीचा खरा दोष आहे. एका प्रणालीच्या पोटांत दुसरी चालविण्याचीही एक युक्ति आहे, परंतु तिला स्मृति भरपूर लागते. आमच्या यंत्राची चार जीबी तिला पुरती ना. पालकांपैकीं ज्यांचें सारें काम ब्राउझरांत होतें त्यांनीं दोन बिऱ्हाडांच्या भानगडींत पडूंच नये, एकटें लिनक्स त्यांस पुरे होईल. ज्यांच्यापाशीं दुसरी प्रत ठेवावयास बाहेरची डिस्क नाहीं त्यांनीं मात्र आधीं ती घ्यावी, मग या कामाचें नांव काढावें.

कन्येचें पायथन बरें चाललें आहे. मराठी टंकलेखनासाठीं लिनक्समध्यें इन्स्क्रिप्टची सोय आयतीच असते, ती तिनें चार दिवसांत आत्मसात केली; आणि आजोबांच्या अहिराणी गोष्टी ऐकून ऐकून ती आतां त्या देवनागरींत उतरवून घेत आहे. मधून मधून एखादा शब्द अडतो, तेव्हां धुळ्याच्या आत्याला फोन जातो. आमच्या स्वतःच्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका मात्र माजघरांतच राहिल्या. त्या 'शिवाजी' व तत्सम जुन्या टंकांत लिहिलेल्या. त्या पद्धतींत मराठी अक्षर पडद्यावर दिसतें, पण आंत इंग्रजी अक्षराचीच खूण साठविलेली असते. तो टंक नसलेल्या लिनक्सनें त्या उघडल्या, तेव्हां नववीच्या व्याकरणाचा सबंध पेपर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन समोर आला. त्या सर्व युनिकोडांत आणण्याचें काम येत्या उन्हाळ्याच्या सुटींत करावयाचें असा बेत आहे. रोज दोन झाल्या तरी पुष्कळ.