हात आखडता ठेवून

जास्वंदीच्या कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस दिसला की मी आधी मुंग्या शोधते. खोडावरून काळ्या मुंग्यांची रांग वर-खाली चाललेली असतेच. पिठ्या ढेकणाच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्या पितात आणि त्याच्यावर टपलेल्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. मावा असो की पिठ्या, मुंग्यांचा पहारा असेपर्यंत कीड हटत नाही. गच्चीवरच्या बागेत मुंग्या आवरायच्या त्या एवढ्यासाठी.

हळदीची रेघ ओढली तर मुंग्या वळसा घालून जातात. फवारा मारला तर समोरच्या तेवढ्या मरतात. राणी आत अंडी घालतच राहते. म्हणून माझा भरवसा आमिषावर. मुंगी पोटात रस भरून घेते आणि घरी जाऊन तोंडाने दुसरीला पाजते, ती तिसरीला, अळ्यांना, राणीला. अन्न वाटून खाण्याच्या याच रीतीवर आमिष चालतं. ते सौम्य हवं. कडक झालं तर वाटेतच मुंगी मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही.

एक कप, म्हणजे साधारण 250 मिली कोमट पाण्यात सहा चमचे साखर विरघळवायची आणि सपाट अर्धा चमचा बोरिक पावडर घालून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ढवळायचं. पावडरचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहतं. ‘जरा जास्तच घालू’ असं मनात येतं, तेव्हा हात आखडता घ्यायचा.

औषधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीला मी तापवलेल्या दाभणाने कडेने भोकं पाडते. मुंगी आत जाईल, मधमाशी जाणार नाही, एवढीच. आत भिजवलेला कापूस. डबी रांगेच्या कडेला, सावलीत ठेवायची. उन्हात पाणी उडून जातं आणि मागे राहिलेलं द्रावण आपोआप कडक होतं. म्हणून दोन-तीन दिवसांनी कापूस बदलायचा.

पहिली मुंगी भोकाशी थबकते, मिशा हलवते, कापसाला तोंड लावते आणि बराच वेळ हलत नाही. पिऊन झाल्यावर तिचं पोट फुगून काचेसारखं चमकतं. परतताना ती पोट जमिनीला टेकवत गंधाची वाट आखत जाते. तासाभरात डबीभोवती झुंबड उडते. हा क्षण धीराचा. त्यांना झाडायचं नाही, वाट पुसायची नाही, जवळ फवारा मारायचा नाही. जितक्या जास्त येतील तितकं चांगलं.

कधी गोडाकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. वारुळात अळ्या वाढत असल्या की त्यांना प्रथिनं आणि तेल लागतं. म्हणून आधी साखरेचा एक थेंब आणि तेलात कालवलेला दाण्याचा कूट शेजारी-शेजारी ठेवून पाहावं. मुंग्या ज्यावर जमतील त्यातच पावडर मिसळावी.

पावडर लहान मुलांच्या आणि मांजराच्या वाटेत येऊ द्यायची नाही, कुंडीतही सांडायची नाही. झाडाला बोरॉन लागतं ते किंचित. जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. आणि आंब्याची पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील, तर मी आमिष ठेवत नाही. त्या फळमाशीसारख्या अनेक किडींना पळवून लावतात.

आठवड्या-दोन आठवड्यांत रांग विरळ होते. मग पिठ्यावर पाण्याची जोरदार धार मारायची, डबी कापसासकट बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाकायची आणि थांबायचं. मातीत फिरणाऱ्या चार मुंग्या दिसल्या तर दिसू द्याव्यात. मेलेले किडे उचलून नेणारं दुसरं कोण आहे बागेत? पहारा उठला की आमिषाचं काम संपलं. पुढचं ढालकिडे बघून घेतात.