आईचा पासपोर्ट

आमच्या आईची एकच इच्छा होती, अनुराधपूरचा बोधिवृक्ष डोळ्यांनी पाहायचा. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या वृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली, हे तिने विहारात कितीदा तरी ऐकले होते. लोकांची धुणीभांडी करून तिने त्यासाठी पैसे साठवले होते.

वस्तीतली वीसेक मंडळी जानेवारी 2025 मध्ये निघणार होती. एजंट म्हणाला, "श्रीलंकेला ईटीए काढला की झालं. पासपोर्ट द्या, बाकी आमच्यावर सोडा." आम्ही आगाऊ रक्कम भरली आणि निर्धास्त झालो.

एका रात्री आमच्या मुलीने सहज आजीचा पासपोर्ट उघडला. मुदत मे महिन्यात संपत होती. तिने श्रीलंका सरकारचे नियम वाचून दाखवले. त्या देशात उतरण्याच्या दिवसापासून पासपोर्ट निदान सहा महिने चालू असला पाहिजे. आईच्या पासपोर्टला तेव्हा चारच महिने उरणार होते. एजंटाला विचारले तर म्हणाला, "एवढं कुणी बघत नाही."

घरात दोन दिवस कुणी नीट जेवले नाही. "मला जाऊ दे रे, पुढच्या वर्षी मी असेन-नसेन," आई म्हणाली. पण कोलंबोच्या विमानतळावरून तिला परत पाठवले असते तर? आम्ही नाव मागे घेतले. आगाऊ भरलेले निम्मे पैसे बुडाले. मंडळी निघाली तेव्हा आई दारात उभी राहून हात हलवत होती. ते दृश्य आम्ही विसरणार नाही.

त्यानंतर आम्ही एकेक अट स्वतः वाचली. ईटीए म्हणजे निघण्याआधी संगणकावरून मिळणारी, थोड्या दिवसांच्या भेटीची परवानगी. श्रीलंकेने ती 2012 पासून सुरू केली. सहलीसाठी ती 30 दिवसांची असते. परतीचे तिकीट आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. त्यावर नोकरी करता येत नाही. हे ऐकून आमचा भाचा वरमला. तिथे जाऊन काम शोधायचे त्याच्या मनात होते. ईटीए हातात आला तरी आत सोडायचे की नाही, हे तिथला अधिकारीच ठरवतो.

नियम बदलतातही. 2024 मध्ये काही महिने ईटीए बंद होऊन दुसरीच ई-व्हिसा पद्धत आली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुनी पद्धत परत आली. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्याचे ऐकून चालत नाही. देशादेशांचे नियमही वेगळे. ब्रिटनच्या परवानगीचे नावही ईटीएच, पण भारतीय पासपोर्टवर ती मिळत नाही. तिथे व्हिसाच काढावा लागतो.

आईचा नवा पासपोर्ट आला. ईटीए पासपोर्टच्या नंबराला जोडलेला असतो, म्हणून अर्ज त्यानंतरच केला. संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी 'गव्ह डॉट एलके' आहे ना, हे मुलीने दोनदा पाहिले, कारण सरकारी वाटावीत अशी खाजगी संकेतस्थळे जास्त पैसे उकळतात. नाव, जन्मतारीख, नंबर, सगळे अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे भरले. आई शेजारी बसून म्हणाली, "संघमित्रेला कुणी एवढं विचारलं होतं का गं?" कितीतरी दिवसांनी घरात हसू फुटले.

मार्चमध्ये आम्ही गेलो. वृक्षाभोवतीच्या कठड्यापाशी आई हात जोडून कितीतरी वेळ उभी होती. काहीच बोलली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, एजंटाकडे जरूर जा. पण पैसे भरण्याआधी पासपोर्ट उघडून शेवटची तारीख पाहा आणि अटी घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. आम्ही तेवढेच केले असते, तर आई जानेवारीतच वस्तीतल्या मंडळींबरोबर गेली असती.