परीक्षा म्हणजे चोहोंकडून पाहणें

गेल्या दिवाळींत माझी पुतणी चार दिवस राळेगणसिद्धीस राहावयास आली होती. शहरांतील एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहांत ती परिचारिकेचें काम करते. रात्रीं जेवणें उरकल्यावर आम्ही ओसरीवर बसलों असतां ती म्हणाली, "काका, आमच्या थिएटरमध्यें एक संशोधन सुरू व्हावयाचें आहे. कोणी तरी वही घेऊन उभें राहणार आणि आम्ही काय बोलतों, काय विसरतों, तें टिपून घेणार. संमतिपत्रावर आमच्या सह्या हव्या आहेत. पण खुशीनें कोणीच तयार नाहीं. चूक टिपली गेली तर ती मोठ्या डॉक्टरांच्या नांवावर थोडीच जाणार?"

मीं तत्काळ म्हटलें, "मग सही करूं नकोस."

हें उत्तर माझ्या मास्तरकीनें दिलें होतें. शाळातपासणीचा दिवस आला कीं आम्ही हुषार मुलें पुढच्या बाकांवर बसवीत असूं. साहेब वहींत कांहीं लिहीत व निघून जात. त्या लिहिण्याचा आम्हांस कधीं उपयोग झाला नाहीं. भीति मात्र वर्षभर पुरत असे.

पुतणी थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमच्या हर्नियाच्या वेळचें विसरलांत वाटतें?"

विसरणें शक्यच नव्हतें. दुखणें उजव्या बाजूस असतां माझ्या कागदावर डावी बाजू लिहिली गेली होती. भूल देण्यापूर्वीं एका तरुण परिचारिकेनें हातांतील छापील यादी पाहून मला नांव विचारलें, शस्त्रक्रिया कसली व कोणत्या बाजूची तेंहि विचारलें, आणि माझें उत्तर ऐकून ती थबकली. तिनें वरिष्ठांस टोकलें, म्हणून मी निभावलों.

ती यादी कोठून आली, हें पुतणीनें मला त्या रात्रीं सांगितलें. जागतिक आरोग्य संघटनेनें ती तयार केली. त्या कामाचे अग्रणी अमेरिकेंतील शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील उटी गांवचे. यादींत कलमें अवघीं 19. भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं व रोगी बाहेर नेण्यापूर्वीं तीं मोठ्यानें वाचावयाचीं. 2007-08 मध्यें दिल्लीसह जगांतील आठ ठिकाणच्या रुग्णालयांत तिची पारख झाली. यादीपूर्वींचे 3,733 व नंतरचे 3,955 रोगी अभ्यासिले गेले. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा 1.5 वरून 0.8 वर आलें, आणि गंभीर उपद्रवांचें शेंकडा 11 वरून 7 वर.

परंतु मला अधिक विचार करावयास लाविलें तें पुढील गोष्टीनें. तेथील कर्मचाऱ्यांचें मतहि विचारलें गेलें होतें. शेंकडा 20 च्या सुमारास लोकांस यादी वेळखाऊ वाटली. पण स्वतःवर शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर ती वापरावी, असें शेंकडा 93 जण म्हणाले! म्हणजे कुरकुर करणारांपैकींहि पुष्कळांस स्वतःसाठीं ती हवीच होती.

संस्कृतांत 'परि' म्हणजे चोहोंकडून व 'ईक्षा' म्हणजे पाहणें. या दोहोंची मिळून 'परीक्षा' होते. आमच्या शाळेची परीक्षा एकाच बाजूची होती. साहेब आम्हांस पाहत. आम्हांस विचारीत कांहींच नसत. शस्त्रक्रियागृहांतील संशोधन तसेंच झालें तर परिचारिका व वॉर्डबॉय तोंड मिटून घेतील, आणि ज्यामुळें रोग्याचा जीव वाचावयाचा तेंच वहींत यावयाचें राहील. हाताखालच्या माणसाची संमति दडपणानें मिळूं शकते. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशांची विशेष काळजी घेण्यास सांगितलें आहे. आमच्या गांवांतहि 1975 नंतर पाणी अडविण्याचें काम उभें राहिलें तें ग्रामसभेंत बोलून व श्रमदानानें. नुसत्या हुकुमानें तें झालें नसतें.

मीं माझा सल्ला मागें घेतला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं दोघांनीं बसून तीन प्रश्न लिहून काढले. आमचीं नांवें कोण पाहणार? नकार दिला तर नोकरीवर परिणाम होईल काय? जें निष्पन्न होईल तें आम्हांस सांगणार काय? कागदाची घडी करून तिनें पर्समध्यें ठेविली.

तिनें सही केली कीं नाहीं, हें मीं अद्याप विचारलें नाहीं. एकदां घाईनें सल्ला देऊन चुकलों आहें. निर्णय तिचा आहे. मात्र ते तीन प्रश्न ती विचारल्यावांचून राहणार नाहीं, अशी मला खात्री आहे.