मॅडलिन बेटावरचा दुभाषी

विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर टोकाला, सुपीरिअर सरोवराच्या काठी बेफील्ड हे लहानसे गाव आहे. तेथून सुटणारी फेरीबोट सुमारे चार किलोमीटरचे पाणी ओलांडून प्रवाशाला मॅडलिन बेटावरील ला पॉइंट या वस्तीत उतरवते आणि कडक हिवाळ्यात सरोवर गोठले की याच मार्गाने बर्फावरून मोटारी जातात. हे बेट आज उन्हाळी विश्रांतीचे ठिकाण म्हणून ओळखले जात असले, तरी ओजिब्वे या मूलनिवासी समाजाच्या परंपरेत ते पूर्वेच्या समुद्रकिनाऱ्यापासून झालेल्या दीर्घ स्थलांतरातील एक प्रमुख मुक्काम आहे. ती परंपरा वृद्धांच्या तोंडून ऐकून ग्रंथबद्ध करणारा विल्यम व्हिपल वॉरेन २७ मे १८२५ रोजी येथेच जन्मला.

धक्क्यापासून जवळच असलेल्या जुन्या दफनभूमीत काही कबरींवर, ओजिब्वे प्रथेप्रमाणे, लाकडी छपरे असत. वॉरेनचे आजोबा मिशेल कॅडॉट हे फ्रेंच-ओजिब्वे व्यापारी याच दफनभूमीत आहेत आणि बेटाला मिळालेले नाव त्यांच्या ओजिब्वे पत्नीचे, मॅडलिनचे आहे. त्यांची मुलगी मेरी हिने न्यू इंग्लंडमधून आलेल्या लायमन वॉरेन या केसाळ कातड्यांच्या (फर) व्यापाऱ्याशी विवाह केला. त्यामुळे विल्यमला आजोळाकडून ओजिब्वे भाषा व नातेसंबंध मिळाले, तर न्यूयॉर्क राज्यातील शिक्षणातून इंग्रजी लेखनाची शिस्त मिळाली.

त्याच्या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग तांब्याच्या गोल पत्र्याविषयी आहे. क्रौंच कुळाच्या, म्हणजे पित्याकडून येणाऱ्या व प्राण्याच्या चिन्हाने ओळखल्या जाणाऱ्या एका ‘डूडेम’च्या, प्रमुखाने जपलेल्या या पत्र्यावर गेलेल्या पिढ्यांच्या खुणा कोरल्या होत्या आणि त्यांपैकी एका खुणेसमोर टोपी घातलेला माणूस, म्हणजे गोऱ्यांचे आगमन, दाखवले होते. प्रत्येक पिढीला ४० वर्षे धरून वॉरेनने काढलेला काळ आज फारच ढोबळ वाटतो. तथापि स्मरणातील साधनांचा कालगणनेसाठी उपयोग करण्याची त्याची दृष्टी त्या काळात दुर्मीळ होती.

त्याच्या चरित्राची दुसरी बाजू मात्र अवघड आहे. अमेरिकी सरकारने १८५० मध्ये जमिनीच्या करारांनुसार ओजिब्वेंना द्यायचे वार्षिक पैसे ला पॉइंटऐवजी मिनेसोटातील सँडी लेक येथे देण्याचे ठरवल्यामुळे, उशीर, निकृष्ट अन्न आणि थंडी यांनी सुमारे ४०० ओजिब्वे दगावले. असे असूनही दुभाषी वॉरेन १८५१ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओजिब्वेंना पश्चिमेकडे नेण्याच्या सरकारी कामात सहभागी झाला. दोन्ही पक्षांचा विश्वास हेच त्याचे भांडवल होते आणि तेच येथे खर्ची पडले, असे म्हणणे भाग आहे. त्याच वर्षी तो मिनेसोटा प्रदेशाच्या विधिमंडळातही बसला. प्रकाशकाच्या शोधात न्यूयॉर्कला जाऊन तो रिकाम्या हाताने परतला आणि १ जून १८५३ रोजी सेंट पॉल येथे क्षयाने, वयाच्या २८व्या वर्षी मरण पावला. ग्रंथ १८८५ मध्ये मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीने छापला.

परतीच्या फेरीने बेफील्डला आल्यावर उत्तरेस काही किलोमीटरवर रेड क्लिफ ही ओजिब्वेंची राखीव भूमी लागते. ती ज्या करारातून आली, तो वॉरेनच्या मृत्यूनंतर सुमारे सोळा महिन्यांनी, ३० सप्टेंबर १८५४ रोजी ला पॉइंट येथे झाला आणि त्यानंतर विस्कॉन्सिनच्या ओजिब्वेंना पश्चिमेकडे हलवण्याची योजना सरकारने सोडून दिली.