२०१५ची यादी

३१ डिसेंबर २०१५च्या रात्री मी डायरीच्या शेवटच्या पानावर एक यादी केली. त्या वर्षी थिएटरात जाऊन पाहिलेले मराठी सिनेमे, आवडीच्या क्रमाने. पहिला 'कोर्ट', दुसरा 'किल्ला', तिसरा 'हायवे', चौथा 'डबल सीट' आणि पाचवा 'कट्यार काळजात घुसली'. खाली बाकीचे. ते पान मी अनेकदा उघडलं आहे आणि दर वेळी तिथेच अडखळले आहे, कारण ती यादी खरी नाही. 'कट्यार' दिवाळीत, १२ नोव्हेंबरला लागला आणि महिन्याभरात मी तो तीनदा पाहिला. दोनदा घरच्यांबरोबर, एकदा एकटीने. त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याच सिनेमासाठी मी तीनदा तिकीट काढलं नव्हतं. मग तो पाचवा कसा?

उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. व्हेनिसला दोन पुरस्कार आणि नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवलेला 'कोर्ट' ज्या वर्षी येतो, त्या वर्षी गाण्यांनी भरलेला, राजवाड्यातल्या झुंबरांचा सिनेमा पहिला लिहायला माझा हात धजला नाही. वर 'आवडीच्या क्रमाने' लिहिलं आणि खाली मानाप्रमाणे नावं मांडली.

वर्षही तसं अवघड होतं. आदल्या वर्षी 'फँड्री' येऊन गेला होता, पुढच्या वर्षी 'सैराट' यायचा होता. या दोहोंच्या मधलं २०१५ अनेकांच्या लक्षात राहत नाही, पण इतक्या वेगवेगळ्या जातींचे सिनेमे एका वर्षात क्वचितच आले असतील. २ जानेवारीला सुबोध भावे 'लोकमान्य' होऊन आले आणि नोव्हेंबरात त्यांनीच दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, 'कट्यार', लागला. 'डबल सीट' आणि 'हायवे' हे मुक्ता बर्वेचे दोन सिनेमे एकाच ऑगस्टमध्ये आले, आणि 'मुंबई-पुणे-मुंबई'चा दुसरा भाग तर 'कट्यार'च्याच दिवशी.

यादी पुन्हा करायची तर आधी शब्द ठरवायला हवा. 'मजा आली' हा शब्द 'कोर्ट'ला लावता येत नाही. गटारात उतरणारा एक कामगार मेला आहे आणि त्याने आत्महत्या केली ती एका शाहिराच्या गाण्यामुळे, असा खटला उभा आहे. तिथे कसली मजा? 'भावला' हा शब्द परीक्षणांनी वापरून गुळगुळीत केला आहे. मला 'रमले' हा शब्द बरोबर वाटतो. मूल खेळात रमतं, बाई माहेरी रमते, माणूस कामात रमतो. रमायला सुखच लागतं असं नाही. मन दुसरीकडे जात नाही, एवढंच लागतं.

या मापाने पाहिलं तर १७ एप्रिलला लागलेल्या 'कोर्ट'मध्ये मी पहिल्यांदा रमले नव्हते, हे कबूल करायला हवं. कॅमेरा हलत नव्हता, तारखांवर तारखा पडत होत्या. बाहेर पडताना मी 'थोर सिनेमा' म्हणाले आणि मनातून सुटका झाल्यासारखं वाटलं. काही वर्षांनी घरी एकटीने पुन्हा पाहिला, तेव्हा मात्र उठवेना. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कुठे बघायचं ते सांगत नाहीत. चौकटीत दहा माणसं असतात आणि आपणच शोधायचं. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकत नाहीत आणि पुढचं पुकारतात. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील दिवसभर एका म्हाताऱ्या शाहिराला आत ठेवायची मागणी करते आणि संध्याकाळी लोकलमध्ये साडीच्या आणि पथ्याच्या गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. तिचा राग करावा इतकी ती परकी उरत नाही. आणि मेलेल्या कामगाराची बायको साक्षीत सांगते, की गटारात उतरण्याआधी तो खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. ती हे रडत सांगत नाही. रोजचं सांगावं तसं सांगते. ते वाक्य ऐकल्यापासून रस्त्यात उघडं झाकण दिसलं की माझं पाऊल थांबतं. शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार २०२१मध्ये कोरोनाने गेले. त्यानंतर त्यांचा नारायण कांबळे पाहणं आणखीच जड झालं. तरी मी तो पुन्हा पाहते.

'कट्यार'चं सुख निराळं आहे. आमच्या घरी वसंतराव देशपांड्यांच्या गाण्याची कॅसेट रोज संध्याकाळी लागायची. सिनेमा ज्यावर बेतला ते १९६७चं दारव्हेकरांचं नाटक मी पाहिलेलं नव्हतं, पण त्यातली अभिषेकीबुवांची पदं आईला तोंडपाठ होती. सिनेमात खाँसाहेब म्हणून सचिन पिळगावकर दिसतात आणि आवाज येतो वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडेंचा. पहिली तान आली तशी शेजारी बसलेल्या आईने माझा हात धरला. सिनेमात दोष आहेत. सजावट जास्त आहे, उत्तरार्धात कथा भरकटते, कारस्थानं मला नको होती. पण गाणं सुरू झालं की हे सगळं मागे पडत होतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तर मी गाण्यापुरतीच गेले होते. सिनेमा म्हणून तो मला पुरता धरून ठेवत नाही, हेही तेव्हाच कळलं.

'डबल सीट'मध्ये चाळीतल्या छोट्या खोलीतलं नवं लग्न आहे आणि स्वतःच्या घराचं स्वप्न आहे. मुंबईत ज्याने कुणी घर शोधलं, त्याला तो आपला वाटेल. 'हायवे' मी तिसरा लिहिला तो उमेश आणि गिरीश कुलकर्णी या नावांच्या आदराने. गाड्यांत बसलेली माणसं इतकी होती, की एकाही गाडीत मला शेवटपर्यंत बसता आलं नाही.

राहिला 'किल्ला'. २६ जूनला लागला तेव्हा पुण्यात पाऊस होता आणि मी भिजलेल्या छत्रीसह आत शिरले. वडील गेलेले, आईची सरकारी नोकरी, तिची बदली, आणि पुण्याचा एक मुलगा कोकणातल्या शाळेत नवा. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केलं आणि छायाचित्रणही, म्हणून पडद्यावरचा प्रकाश आणि त्या मुलाचं मन वेगळं काढता येत नाही. नवे मित्र त्याला सायकलवरून किल्ल्यावर नेतात, पाऊस कोसळतो, आणि अंधारातून बाहेर येऊन तो बघतो तर सगळे निघून गेलेले. वडिलांच्या बदल्यांमुळे सातवीपर्यंत मी पाच शाळा पाहिल्या आहेत. मधल्या सुट्टीत डबा कुठे बसून खायचा, हा प्रश्न मी पाच वेळा सोडवला आहे. तरीही सिनेमा माझ्या गोष्टीसारखा आहे म्हणून तो पहिला, असं मी म्हणणार नाही. माझ्या आठवणीत त्या दिवसांचा फक्त अपमान शिल्लक होता. 'किल्ला'ने त्यात समुद्र, चिखल, आणि पार्थ भालेरावचा तो वर्गातला दांडगा बंड्या परत आणून ठेवला. आणि अमृता सुभाषची आई. दिवसभर ऑफिसात दबून आलेली, मुलाशी धड बोलता न येणारी. आपल्यालाच नव्या गावात एकटं वाटत होतं असं मी समजत आले होते. माझ्या आईलाही पाच वेळा नवी गल्ली आणि नवे शेजारी मिळाले होते, हे मला त्या थिएटरात पहिल्यांदा सुचलं. घरी गेल्यावर तिला विचारलं. ती त्या रात्री उशिरापर्यंत बोलत होती.

डायरीतल्या जुन्या यादीवर मी काट मारलेली नाही. तिच्या खाली दुसऱ्या शाईने लिहिलं आहे : 'किल्ला', 'कोर्ट', 'कट्यार', 'डबल सीट', 'हायवे'. 'किल्ला' पाहिला नसेल तर येत्या पावसाळ्यात पाहा, आणि मिळेल तितक्या मोठ्या पडद्यावर पाहा.